‘बरं आहे’ म्हणजे किती?

मराठीच्या पेपरात निबंधाला दहापैकी दहा देत नाहीत. सांगलीच्या शाळेत मी सहा वर्षं मराठी शिकवलं, आणि स्टाफरूममध्ये हा नियम मोडलेला कधी पाहिला नाही. फार सुंदर लिहिलं तर आठ. अक्षरही मोत्यासारखं असेल तर साडेआठ. उरलेला दीड गुण कोणासाठी राखून ठेवायचा हे कुणी सांगत नसे, पण राखून ठेवायचा एवढं नक्की.

माझ्या सासूबाई तर माझ्याही पुढच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गेल्या काही वर्षांपासून त्या आमच्याकडेच, न्यू जर्सीत, असतात. यंदा फेब्रुवारीत घरासमोरच्या बर्फावरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पाच रात्री हॉस्पिटलात काढून त्या वॉकर घेऊन घरी आल्या. आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्यांच्या नावाने एक जाड पाकीट आलं. आत प्रश्नपत्रिका. हॉस्पिटलातला तुमचा अनुभव कसा होता?

प्रश्नपत्रिका म्हटल्यावर सासूबाईंनी चष्मा पुसला, निळं पेन मागवलं आणि डायनिंग टेबलाशी ताठ बसल्या. इंग्रजी त्या सावकाश पण नीट वाचतात. मास्क लावलेल्या अमेरिकन माणसाचं बोलणं मात्र त्यांना अजिबात उमगत नाही. पहिलाच प्रश्न : नर्स तुमच्याशी किती वेळा सौजन्याने आणि आदराने वागल्या? पर्याय चार. कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी. सासूबाईंनी ‘बहुतेक वेळा’वर खूण केली.

“आई, कोण उद्धट बोललं तुमच्याशी?”

“कुणी नाही गं. पण ‘नेहमी’ कसं लिहायचं? मी काय चोवीस तास जागी होते?”

पुढे हॉस्पिटलला शून्य ते दहा गुण द्यायचे होते. त्यांनी आठ दिले. “आठ म्हणजे डिस्टिंक्शन,” असं म्हणून पेन खाली ठेवलं.

मंडळी, इथे राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हे पाकीट कधी ना कधी येतं आणि जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर टोपलीत जातं. म्हणून त्यामागचा हिशेब सांगते. या सर्वेक्षणाचं नाव लांबलचक आहे, सगळे त्याला ‘एच-कॅप्स’ म्हणतात. २००६ पासून ते देशभर घेतलं जातं, २००८ पासून प्रत्येक हॉस्पिटलचा निकाल जाहीर होतो. आणि ऑक्टोबर २०१२ पासून त्याला पैसे जोडले गेले. मेडिकेअर हॉस्पिटलांना जे पैसे देतं, त्यातले आता दोन टक्के आधी बाजूला काढून ठेवतं आणि कामगिरी पाहून पुन्हा वाटतं. त्या कामगिरीच्या गुणांत रुग्णांच्या या उत्तरांचं वजन पाव हिस्सा आहे. गंमत पुढेच. मोजताना धरलं जातं ते फक्त सगळ्यात वरचं उत्तर. ‘नेहमी’ असेल तर गुण, ‘बहुतेक वेळा’ असेल तर नाही. दहापैकी नऊ किंवा दहा असतील तर गुण, आठ असतील तर नाही. म्हणजे सासूबाईंच्या लेखी डिस्टिंक्शनमध्ये आलेलं हॉस्पिटल त्या कागदावर नापास.

मी हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “एकदा दिलेले गुण खोडायचे नाहीत.” विषय संपला.

हॉस्पिटलच्या वतीने गुण मागायला मी हा लेख लिहीत नाही. मला अडवलं ते त्याच कागदावरच्या दुसऱ्या एका प्रश्नाने. नर्सनी तुम्हाला समजेल अशा पद्धतीने किती वेळा समजावून सांगितलं? डॉक्टरांबद्दलही तोच प्रश्न. इथे सासूबाईंचं पेन थांबलं. “कोणत्या भाषेत, ते विचारलेलंच नाही,” त्या म्हणाल्या. खरं आहे. हा कागद इंग्रजीखेरीज स्पॅनिश, चिनी, रशियन, व्हिएतनामी, पोर्तुगीज अशा काही भाषांत मिळतो. भारतातली एकही भाषा त्यात नाही. आणि रुग्णाऐवजी घरच्या कुणी उत्तरं द्यायला परवानगी मिळाली ती आत्ता, जानेवारी २०२५ पासून. त्याआधी, ज्याला इंग्रजी येत नाही अशा मराठी आजीचा अनुभव या मोजमापात शिरणं फार अवघड होतं.

आता त्या पाच रात्रींबद्दल.

पहिल्या दिवशी ऑपरेशनच्या संमतीसाठी दुभाषी आणला, तो हिंदीचा. भारतीय म्हणजे हिंदी, असा सरळ हिशेब. सासूबाईंचं हिंदी म्हणजे बाजारातलं. ‘भूल देताना येणारे धोके’ हे त्या हिंदीच्या आवाक्यातलं प्रकरण नव्हे. त्या प्रत्येक वाक्याला “हां जी, हां जी” करत राहिल्या. शेवटी माझ्या नवऱ्याने मराठीत सगळं पुन्हा सांगितलं आणि सही झाली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला डॉक्टरांची फेरी. मुलगा उशाशी उभा. डॉक्टर विचारणार, तो मराठीत विचारणार, आणि सासूबाई एकच उत्तर देणार, “बरं आहे.” जेवण? बरं आहे. झोप? बरी लागली. दुखतंय? थोडंसं. डॉक्टर खूश, मुलगा खूश, तीन मिनिटांत फेरी पुढच्या खोलीत.

‘बरं आहे’ हा आपला फार जुना शब्दप्रयोग. पत्रात वरती श्री आणि खाली ‘इकडील सर्व ठीक’, तसाच. त्यात माहिती नसते, धीर असतो. समोरच्याला काळजी वाटू नये म्हणून बोललेलं ते वाक्य आहे. डॉक्टर मात्र ते माहिती म्हणून लिहून घेतात.

दुखण्याचं तर आणखीच अवघड. इथे दर थोड्या वेळाने विचारतात, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? सासूबाई म्हणाल्या, चार. कण्हत होत्या, उशी मुठीत आवळली होती, पण चार. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, “दहा म्हणजे बाळंतपण. त्याच्या मानाने हे चारच.” गुण देण्यातली काटकसर दुखण्यालाही लागू! पण मला त्याहून जास्त वाटलं ते हे, की दुखणं आकड्यात सांगायची आपल्याला सवयच नाही. आपल्याकडे दुखण्याला शब्द आहेत. ठणकतं, ठुसठुसतं, सलतं, चमकतं, भगभगतं, हुळहुळतं. कळ येते ती वेगळी, रग लागते ती वेगळी, अवघडून जातं ते वेगळं, आणि मुंग्या येतात ते तर दुखणं म्हणावं की नाही हाही प्रश्न. ठणका रात्री झोपू देत नाही. सल दिवसभर कामात असताना जाणवतो. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला काहीतरी सांगत असतो. इंग्रजीत जाईपर्यंत त्या सगळ्याचं एकच ‘पेन’ होतं, आणि त्याच्यापुढे चारचा आकडा.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक नवीन नर्स आली. फिलिपाइन्सची असावी, पन्नाशीची. नवरा कामावर गेला होता, मी होते. तिने एका उंच स्टँडवर लावलेला टॅबलेट ढकलत आणला आणि मला विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? मराठी म्हटल्यावर तिने ती यादीत शोधली. आठ-दहा मिनिटं लागली, पण पलीकडून आवाज आला, “नमस्कार, मी मराठी दुभाषी, क्रमांक अमुक अमुक.” मी मधे बोलायला लागले तर नर्स हसून म्हणाली, तुम्ही आत्ता सून म्हणून बसा, दुभाषी म्हणून नको.

सासूबाईंनी आधी त्या बाईंना नाव विचारलं. मग माहेर. त्यांना नाव सांगायची परवानगी नसते, फक्त क्रमांक. (बोलण्यावरून नागपूरकडच्या आहेत, हे सासूबाईंनी दोन वाक्यांत ओळखलं.) आणि मग त्या बोलायला लागल्या. तीन दिवसांत ज्या मुलाला एका वाक्यापलीकडे काही सांगितलं नव्हतं, त्या सासूबाई एका क्रमांकाशी वीस मिनिटं बोलल्या. शौचाला झालेलं नव्हतं. पोट दगडासारखं झालं होतं, म्हणून जेवण जात नव्हतं. रात्री बाथरूमला जायला बेल वाजवावी लागते, कुणाला तरी उठवून न्यायला लावायचं, म्हणून संध्याकाळी चारनंतर त्या पाणीच पीत नव्हत्या. हे सगळं मुलाच्या तोंडून डॉक्टरांना कसं सांगायचं? “जन्म दिला त्याला, त्याच्यासमोर हे काय बोलायचं,” असं त्या मला नंतर म्हणाल्या.

(हे छापण्याआधी त्यांना वाचून दाखवलं आहे. “लिही,” म्हणाल्या, “अजून चार जणी तोंड उघडतील.”)

दुखण्यावरच्या त्या कडक गोळ्यांनी आतडी मंदावतात, त्यात पाणी कमी. म्हातारपणी हे साधं दुखणं राहत नाही. त्याच दिवशी औषध सुरू झालं. नर्सने दुखण्याचा आकडाही बाजूला ठेवला आणि विचारलं, कुशीवर वळता येतं का? खोकताना पाय धरावा लागतो का? झोपमोड किती वेळा होते? ही उत्तरं सासूबाईंना देता आली. आणि बेल वाजवायचा संकोच आहे हे कळल्यावर तिने सांगितलं, तुम्ही बेल वाजवू नका, मीच दर तासाला येते. आली. दुखतंय का, बाथरूमला जायचंय का, नीट पडलात का, पाणी आणि चष्मा हाताशी आहे का, एवढंच विचारायची. नंतर वाचलं तर कळलं की ही बऱ्याच हॉस्पिटलांनी अंगीकारलेली पद्धत आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दर तासाच्या अशा फेऱ्या सुरू केल्यावर बेल वाजणं कमी झालं, रुग्ण पडण्याचं प्रमाण कमी झालं आणि समाधान वाढलं. म्हणजे नर्सचं कामही हलकं झालं. सर्वेक्षणाच्या कागदावर ‘तातडीची मदत मागितली तेव्हा किती वेळा वेळेवर मिळाली?’ असा प्रश्न आहे. ‘मी अशी मदत मागितलीच नाही’ असाही पर्याय आहे. सासूबाईंची खूण त्यावर. त्या खुणेमागे काय होतं ते कागदाला कसं कळणार?

दुभाषी ही हॉस्पिटलची मेहेरबानी नव्हे, हे आपल्या मंडळींना ठाऊक असावं. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्यविम्याच्या कायद्यातलं १५५७ वं कलम यांच्यामुळे, सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना रुग्णाच्या भाषेचा दुभाषी मोफत द्यावा लागतो. ‘तुमचा माणूस घेऊन या’ असं ते सांगू शकत नाहीत. अगदी आणीबाणी सोडली तर लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायला मनाई आहे. हे शेवटचं मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे बारा वर्षांच्या नातवाला ‘आजीला सांग डॉक्टर काय म्हणतात’ असं कौतुकाने पुढे केलेलं मी दोन-तीन घरांत पाहिलं आहे. बारा वर्षांच्या मुलाने आजीला तिच्या गाठीचा रिपोर्ट सांगायचा?

घरी सोडण्याच्या दिवशी तीच नर्स, तोच टॅबलेट. रक्त पातळ ठेवणारं औषध घरी काही आठवडे चालू राहणार होतं. तिने सगळं सांगितलं आणि मग विचारलं नाही की ‘समजलं का?’ ती म्हणाली, आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर काय काय करणार? मला खुर्चीतच हसू आलं. वर्गात ‘समजलं का?’ विचारलं की साठ गळ्यांतून एका सुरात “हो बाई” येतं, आणि त्याचा अर्थ शून्य असतो. समजलंय की नाही हे पाहायचं तर मुलाला फळ्याकडे बोलवावं लागतं. इथे या पद्धतीला ‘टीच-बॅक’ म्हणतात. सासूबाई फळ्याकडे आल्या आणि औषधांचा क्रम म्हणून दाखवू लागल्या. शेवटी म्हणाल्या, “आणि माझ्या गुग्गुळाच्या गोळ्या रात्री.” कोणत्या गुग्गुळाच्या गोळ्या? पर्समधून डबी निघाली. गुडघ्यांसाठी सांगलीहून आणलेल्या, वर्षभर चालू. आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता. नर्सने डॉक्टरांना विचारलं. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर त्या नकोत, असं उत्तर आलं. औषधांच्या यादीसाठी पहिल्या दिवशी तिघांनी विचारलं होतं, ‘आणखी काही घेता का?’ ‘नाही’ असंच उत्तर होतं. गुग्गुळ म्हणजे काही औषध नव्हे ना!

आता दुसरी बाजू. सासूबाईंना हॉस्पिटलातली सगळ्यात खटकलेली गोष्ट कोणती? तर नाव आणि जन्मतारीख. प्रत्येक गोळीला, प्रत्येक सुईला, ऑपरेशनच्या दाराशी तर तीन वेगवेगळ्या माणसांनी. “यांच्याकडे कागद नाहीत का?” जन्मतारखेचं वेगळंच, कारण त्यांची खरी तिथी श्रावणातली आणि दाखल्यावरची तारीख १ जून, शाळेत घालताना गुरुजींनी घातलेली. दर वेळी त्या क्षणभर थांबत, आणि विचारणाऱ्याची भुवई वर जाई. शिवाय सर्जनने येऊन मोडलेल्या बाजूच्या मांडीवर पेनाने खूण केली, ते तर त्यांना चक्क पोरखेळ वाटला.

पण ती खूण आणि ते विचारणं, हीच तर दर्जाची गोष्ट. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी काढली : हाच रुग्ण ना, हेच ऑपरेशन ना, हीच बाजू ना, अँटिबायोटिक वेळेवर दिलं ना. ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं ते डॉ. अतुल गावंडे आपलेच. वडील यवतमाळ जिल्ह्यातले. उमरखेडला त्यांच्या आजीच्या, गोपिकाबाईंच्या नावाचं महाविद्यालय आहे. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत ती यादी वापरून पाहिली, त्यात दिल्लीतलंही एक होतं. मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ वर आल्या, मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर. रुग्णाला यातलं काहीच दिसत नाही, तो तेव्हा भुलीत असतो. जे दिसतं, त्याचा त्याला कंटाळा येतो.

म्हणजे समाधान आणि दर्जा या सख्ख्या बहिणी नव्हेत, फार तर जावा म्हणा. एका घरात नांदतात, कधी पटतं, कधी नाही. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी पन्नास हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा जास्त समाधानी रुग्णांवर खर्च जास्त झालेला दिसला आणि त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाणही जास्त निघालं. त्यावर वाद झाले, व्हायलाच हवेत. समाधानाने माणूस मरतो असं काही त्यातून सिद्ध होत नाही. पण मागेल ती तपासणी आणि मागेल ती गोळी देऊन रुग्ण खूश करता येतो, ही भीती खोटी नव्हती. याच सर्वेक्षणात पूर्वी दुखण्यावर उपाय कसा झाला असे प्रश्न होते. गुणांच्या पाठीमागे लागून डॉक्टर अफूच्या जातीच्या गोळ्या सढळ हाताने देतील, या काळजीने ते आधी पैशाच्या हिशेबातून काढले आणि २०१९ मध्ये कागदावरूनच गेले.

मग रुग्णाला विचारायचंच कशाला, असं म्हणणारे डॉक्टर आपल्या मंडळातही आहेत. मला ते पटत नाही. टाके नीट पडले का हे सासूबाईंना सांगता येणार नाही. पण पाणी का पीत नव्हत्या हे जगात फक्त त्यांनाच माहीत होतं.

आणि सगळ्याला पैसे लागतात असंही नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये आलेला एक प्रयोग मला फार आवडला. रुग्णाच्या पलंगाशेजारी एक खुर्ची आधीच ठेवून दिली. एवढंच. खुर्ची तिथे असली तर ६३ टक्के वेळा डॉक्टर बसून बोलले. ती नेहमीच्या जागी असली तर ८ टक्के. आणि बसून बोललेल्या डॉक्टरांबद्दल रुग्णांचं मत अधिक चांगलं होतं. भेटीचा वेळ काही वाढला नाही. सासूबाईंच्या खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर आमचे कोट असायचे.

सांगलीच्या बहिणीला हे सगळं फोनवर सांगताना सासूबाईंनी एक तुलना केली. “तिकडे डॉक्टर आपल्या भाषेत बोलतो, पण काय झालंय ते सांगत नाही. इकडे सगळं सांगतात, पण आपल्या भाषेत नाही.” सांगलीकडच्या वाचकांना यातला पहिला अर्धा भाग बोचेल कदाचित. बोचू दे.

जूनपासून आमच्या गावच्या लायब्ररीत, मंडळाच्या ज्येष्ठांच्या गटात, आम्ही एक काम करतो आहोत. दुखण्याच्या मराठी शब्दांची वही. डावीकडे शब्द, उजवीकडे ते नेमकं कसं आणि कधी होतं याचं दोन ओळींत इंग्रजी, म्हणजे दुभाषी मिळेपर्यंत नर्सच्या हातात देता येईल. ठणका, कळ, सल, चमक यांवर एकमत झालं. ‘शिरशिरी’ आणि ‘हुळहुळणं’ यांवर दोन आजोबांचं भांडण तीन आठवडे चालू आहे. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात तीनच गोष्टी आहेत : भाषा मराठी, हिंदी नव्हे, दुभाषी हवा, आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं. ‘यात गुग्गुळही आला’ ही ओळ सासूबाईंनी स्वतःच्या हाताने घातली.

एकतीस शब्द झालेत. बरेचसे देशावरचे आहेत, कारण आम्ही बहुतेक सगळे तिकडचे. कोकणात, वऱ्हाडात, खानदेशात, गोव्याकडे दुखण्याला आणखी काय काय म्हणतात ते कळवा. मंडळाच्या पत्त्यावर, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. शब्दाबरोबर ते कुठे आणि कसं दुखतं तेही लिहा.